आत्याचं कौतुक, सरांची जाहिरात आणि मुलीचा फोटो

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. यंदाच्या सुट्टीत तिला पोहण्याच्या शिबिराला घातलं होतं. शिबिर संपल्यावर मैत्रिणीने मला इन्स्टाग्रामवरची एक रील पाठवली. त्यात माझी मुलगी स्विमिंग कॉस्च्यूममध्ये काठावर उभी आहे, सूर मारायच्या तयारीत. खाली आडनावासकट तिचं नाव, शाळेचं नाव, इयत्ता, तलावाचं लोकेशन आणि 'पुढची बॅच सकाळी 7 ते 8, प्रवेश सुरू'. कमेंटमध्ये कुणा अनोळखी माणसाने बदामांची रांग टाकली आहे. मी सरांना फोन केला तर म्हणाले, 'मॅडम, फॉर्मवर तुमची सही आहे. बाकीचे पालक तर आपणहून शेअर करतात.' फॉर्म काढून बघितला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत खरंच छापलंय, 'शिबिरातील छायाचित्रे व चित्रफिती प्रसिद्धीसाठी वापरण्यास पालकांची हरकत नाही.'

घरी सांगितलं तर वेगळाच विषय निघाला. माझ्या मोठ्या नणंदबाई बारशापासून तिचे फोटो फेसबुकवर टाकतात. पुढचे दोन दात पडले तेव्हाचा, तापात गादीवर पडलेली असतानाचा, सगळे. दातांचा फोटो वर्गातल्या एका मुलाच्या आईने पाहिला, घरी दाखवला, आणि वर्गात हिला 'बोळकं' नाव पडलं. ती दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. नवरा म्हणतो, 'ताईला मूलबाळ नाही, हिच्यावर जीव आहे तिचा, कशाला दुखवायचं?' सासूबाई म्हणतात, 'फोटोने काय होतंय, एक मीठ-मोहरी ओवाळून टाक.' मी खरंच जास्त करतेय का? आणि कायदा काय म्हणतो?
– एक आई, सांगली

उत्तर : जास्त करत नाही आहात. पण तुम्ही एका पत्रात दोन भांडणं घातली आहेत, ती आधी वेगळी करू या. सरांशी तुमचा व्यवहार आहे. तिथे पैसे दिले, फॉर्म भरला, तिथे हक्काने बोलायचं. आत्याशी नातं आहे, आणि खरं सांगायचं तर तिथे कायदा तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. एकाच सुरात दोघांशी बोललात तर सर जुमानणार नाहीत आणि ताई रुसतील.

आधी रील. सरांना दुसरा फोन करण्यापूर्वी तिची लिंक कॉपी करून ठेवा, आणि नाव, मजकूर, तारीख, कमेंट दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. रील काढून टाकल्यावर 'असं काही नव्हतंच' हे ऐकायची वेळ पुष्कळांवर येते.

पोहणारी मुलगी पोहण्याच्या कपड्यात असणारच, त्यात गैर काही नाही. माझ्या अंगावर काटा आला तो खालच्या चार ओळी वाचून. नाव, शाळा, इयत्ता, तलाव आणि वेळ. उद्या सकाळी सात वाजता फाटकापाशी कुणी तिला नावाने हाक मारली आणि म्हणालं, 'चौथीतली ना तू? सरांनी आत बोलावलंय,' तर नऊ वर्षांच्या पोरीने त्याला अनोळखी का समजावं? आपण मुलांना शिकवतो की ओळख नसलेल्या माणसाबरोबर जायचं नाही. इथे त्या माणसाच्या हातात ओळख सरांनीच आयती दिली आहे. बरं, सार्वजनिक खात्यावरची रील बघणाऱ्याला फोनमध्ये उतरवूनही घेता येते. म्हणून ती आज निघणं आणि महिन्याने निघणं यात फरक आहे.

आता सहीचं. सर म्हणतात तितकी ती सही पक्की नाही. 'डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा' 2023 च्या ऑगस्टमध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलाची माहिती वापरायची तर पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. ती संमती कशी असावी हेही लिहिलंय : मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणासाठी, समजून-उमजून, अट न घालता, आणि त्या कारणाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती. कायद्यात एक उदाहरणच दिलंय. घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारं एखादं अ‍ॅप तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागतं, तुम्ही 'हो' दाबता. तरी ती परवानगी धरली जात नाही, कारण औषध सांगायला तुमच्या मावशीचा नंबर लागत नाही. मग मुलीला पोहायला शिकवायला तिची रील लागते का? दिलेली संमती कधीही मागे घेता येते, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असंही कायदा म्हणतो. मुलांच्या बाबतीतली ही जबाबदारी मोडली तर दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. हा आकडा सरांना ऐकवू नका. शिबिरवाल्याला कुणी 200 कोटी लावणार नाही, आणि पोकळ धमकी दिली की खऱ्या मुद्द्याचीही किंमत जाते.

एक अडचण मात्र आहे. या कायद्यातली संमतीची आणि मुलांविषयीची कलमं नियम आल्यापासून 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. तोवर त्या कलमांखाली डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाता येणार नाही. पण म्हणून आज तुमच्या हातात काहीच नाही असं नव्हे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. त्यात न्या. संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मुलांचा वेगळा विचार केला आहे : लहानपणच्या अजाणतेपणाचे आणि चुकांचे परिणाम त्यांना जन्मभर भोगायला लागू नयेत. हा हक्क मुख्यतः सरकारपुढे चालतो, शिबिरवाल्या सरांपुढे थेट नाही, हे खरं. पण सरांनी रील जिथे टाकली त्या कंपनीला 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम आजही बांधतात. दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा किंवा मुलाला घातक ठरेल असा मजकूर टाकू नये, हे त्या नियमांत आहे, आणि तक्रार ऐकायला प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो.

तिथपर्यंत जायची वेळ बहुधा येणार नाही. फोनवर वाद घालू नका, लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, ई-मेल त्याहून बरा. मजकूर साधारण असा ठेवा :

'सर, नमस्कार. माझ्या मुलीची रील तुमच्या इन्स्टाग्राम खात्यावर आहे, लिंक सोबत जोडली आहे. तिचे फोटो आणि व्हिडिओ प्रसिद्धीसाठी वापरायला आमची संमती नाही. प्रवेश अर्जावरच्या ओळीमुळे ती दिली गेली असेल, तर या निरोपाने मी ती मागे घेत आहे. रील आणि तिचे इतर ठिकाणी टाकलेले फोटो परवा संध्याकाळपर्यंत काढून तसं कळवावं. यापुढे तिचा फोटो वापरायचा झाल्यास आधी आम्हाला विचारावं. तुमच्या शिकवण्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. मुलगी पुढच्या सुट्टीत त्याच तलावावर जाणार आहे. आणि 'बाकीच्या पालकांना चालतं' याला उत्तर द्यायची गरज नाही. त्यांच्या मुलांचं ते बघतील. कारण विचारलं तरी 'आम्हाला नको आहे' एवढं पुरे. विमा एजंटापुढे द्यावी तशी कारणांची यादी देत बसलात, तर प्रत्येक कारणावर सरांकडे तोड असेल.

सर सरळ असतील तर एक सुचवून बघा. पाण्यात उडी मारलेल्या मुलांचं लांबून, पाठमोरं चित्रण, कुणाचं नाव नाही, शाळा नाही. जाहिरात तेवढीच चांगली होते. आणि फॉर्मवर बारीक अक्षरांतल्या ओळीऐवजी 'फोटो वापरू द्यायचे : हो / नाही' अशा दोन चौकटी. 'नाही'वर खूण केल्याने प्रवेश अडणार नाही, हेही तिथेच छापावं. मे 2027 उजाडल्यावर त्यांना हे करायला लागेलच, आत्ता केलं तर शहाणे ठरतील.

परवा संध्याकाळपर्यंत काही हललं नाही तर इन्स्टाग्रामवर तक्रार करा. 13 वर्षांखालच्या मुलाच्या फोटोबद्दल पालकाला तक्रार करायला मेटाने, म्हणजे इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीने, वेगळा फॉर्म ठेवला आहे. साध्या 'रिपोर्ट' बटणापेक्षा तो भरा. तिथे दाद लागली नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. त्याला ना वकील लागतो ना दिल्लीची चक्कर.

पोलिसांत जावं का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात कुणीतरी काढेल. आहे त्या रीलसाठी नको. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याचं 66-ई कलम उघड्या किंवा फक्त अंतर्वस्त्रांतल्या खासगी अवयवांच्या चित्रणाबद्दल आहे, पोहण्याच्या कपड्यातली मुलगी त्यात बसत नाही, आणि ओढूनताणून बसवू नये. मात्र कुणी त्या रीलमधला चेहरा घेऊन घाणेरडं चित्र बनवलं, किंवा त्या बदामवाल्याने तुम्हाला वा मुलीला मेसेज पाठवायला सुरुवात केली, तर एक दिवसही थांबू नका. सायबर गुन्ह्यांच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार (मुलांविषयीची तक्रार तिथे नाव न देताही करता येते), आणि मुलीला आधार लागला तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. एक लक्षात ठेवा. मघाशी मी स्क्रीनशॉट घ्या म्हटलं ते साध्या रीलसाठी. चित्र अश्लील असेल तर ते स्वतःच्या फोनमध्ये साठवू नका, 'बघा काय केलंय' म्हणून नातेवाइकांनाही पाठवू नका. लहान मुलांचं असं चित्र जवळ ठेवणं मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. फक्त लिंक टिपून ठेवा आणि पोलिसांना द्या.

आता घरातलं. हे अवघड आहे, कारण इथे कुणाच्या मनात वाईट काही नाही.

नवा डेटा कायदा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. म्हणजे आत्याने भाचीचा फोटो टाकला तर तो कायदा बहुधा बाजूला उभा राहून बघेल. युरोपातल्या कायद्यातही अशीच सूट आहे. तरी नेदरलँड्समध्ये मे 2020 मध्ये एका मुलीने आपल्याच आईला कोर्टात खेचलं, नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवरून आजी काढेना म्हणून. कोर्ट म्हणालं, फेसबुकवर टाकलेला फोटो कुणाकुणाच्या हाती पडू शकतो, तेव्हा याला निव्वळ घरगुती म्हणता येईलच असं नाही. आजीला फोटो काढून टाकायचा आदेश झाला, न टाकल्यास दिवसाला 50 युरो, जास्तीत जास्त 1000. त्या मायलेकींचं आधीच बिनसलेलं होतं, आणि त्या आजीने एका नातवाला काही वर्षं आपल्या घरात वाढवलं होतं. तुमच्या घरात गोष्टी तिथवर गेलेल्या नाहीत. म्हणून सांगते, ताईंसमोर कायद्याचा 'का'सुद्धा काढू नका.

हे बोलायचं कुणी? खरं तर नवऱ्याने, बहीण त्याची आहे. तो टाळतोय, आणि टाळत राहिला तर तुम्ही 'वहिनीला आमचं कौतुक खपत नाही'च्या खात्यात जमा होणार. त्याच्याकडून एवढं तरी कबूल करून घ्या की बोलताना तो शेजारी बसेल आणि 'जाऊ दे गं' म्हणणार नाही. फेसबुकवर कमेंटमध्ये लिहू नका, सासूबाईंमार्फत निरोप धाडू नका. समोरासमोर, चहा घेताना.

मी तुमच्या जागी असते तर असं म्हणाले असते : 'ताई, तिचे फोटो तुमच्याइतके छान कुणीच काढत नाही. पण ते दात पडलेले फोटो बघून वर्गात तिला बोळकं म्हणायला लागलेत हो, दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. तुमच्या मनात तसं काही नव्हतं, ते तिलाही माहितेय. तेवढे आणि आजारपणातले फोटो काढून टाकाल का?' ताईंना तिच्या शाळेत न जाण्याबद्दल कुणी सांगितलंय का, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. माझा अंदाज, नाही. जिचा तिच्यावर इतका जीव आहे, तिला हे कळल्यावर वाद घालायला फारसं उरणार नाही.

सगळे फोटो काढून टाका असं मागू नका. आठ-नऊ वर्षांचं कौतुक एका दुपारी पुसून टाका म्हणणं क्रूर आहे, आणि त्याची गरजही नाही. दात, ताप, अंघोळ, पाळण्यात उघडं असतानाचे, आणि शाळेचा गणवेश किंवा ओळखपत्र स्पष्ट दिसतं ते काढून टाकावेत. बाकीच्यांचं कुलूप बदलावं. ताईंच्या पोस्टवर वेळेच्या शेजारी पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह असेल, त्याचा अर्थ जगात कुणीही बघू शकतं. फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट एकदम 'फ्रेंड्स'पुरत्या करायची सोय आहे, एकेक पोस्ट उघडत बसावं लागत नाही. ताईंच्या शेजारी बसून ते तुम्हीच करून द्या. मग त्यांची मित्रयादीही एकदा नजरेखालून घाला. पुष्कळांच्या यादीत न भेटलेली माणसं शेकड्यांनी असतात.

आणि फोटो काढायचं काम ताईंचंच राहू द्या. घरातल्या सात-आठ माणसांचा एक ग्रुप करा, तिथे त्यांनी रोज टाकावेत. वाढदिवसाला त्यांच्याकडून छापील अल्बम करून घ्या. फेसबुकवर शंभर जण 'सो क्यूट' म्हणतात ती ऊब त्या ग्रुपवर मिळणार नाही, हे मान्य. पण भाची आपल्यापासून तोडली जात नाही, एवढं त्यांना दिसलं पाहिजे.

सासूबाईंना सांगा, मीठ-मोहरी मी ओवाळते, तुम्ही लेकीशी बोलताना माझ्या बाजूने राहा. दृष्टीची भीती असलेलं माणूस या कामात उलट चांगला साथीदार असतो, त्यांच्याशी भांडू नका.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या डीपीवर कोण आहे? स्टेटसला काय असतं? पत्रात त्याबद्दल काही नाही, आणि ताई पहिला प्रश्न हाच विचारतील. फ्रान्सने फेब्रुवारी 2024 मध्ये मुलांच्या फोटोंवरच्या हक्काचा कायदा केला, त्यात आत्या-काकांआधी आई-वडिलांनाच धरलंय : मुलाचा फोटो वापरण्याचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा, आणि मुलाचं वय आणि समज बघून त्यालाही त्यात सामील करायचं. आपल्याकडे असा कायदा नाही. पण कुणाला न विचारता तिचा फोटो टाकायची मुभा फक्त तुम्हाला, असं ठरवून तुम्ही ताईंसमोर बसूच शकणार नाही. बोलायला जाण्याआधी तुमचं स्टेटस निवडक माणसांनाच दिसेल असं करा.

रील निघाली की गुगलवर तिचं नाव आणि शाळेचं नाव एकत्र टाकून बघा, चित्रांच्या विभागातही. तिथे ती अजून दिसत असेल, तर 18 वर्षांखालच्यांचे फोटो शोधनिकालातून काढायची विनंती पालकाला गुगलकडे करता येते. मूळ जागेवरून फोटो त्याने जात नाही, शोधल्यावर समोर येणं थांबतं.

राहिली ती मुलगी. पत्रात सगळ्यांचं मत आहे, सरांचं, नवऱ्याचं, सासूबाईंचं, तुमचं, तिचं नाही. नऊ वर्षांची पोर आपल्या फोटोबद्दल नीट बोलू शकते. रील तिला दाखवा, घाबरवू नका, 'हे कुणी बघितलेलं तुला आवडेल, कुणी नाही आवडणार?' असं विचारा. उत्तर तुम्हाला वाटतं तसं येईलच असं नाही. कदाचित तिला आपल्या सूर मारण्याचा अभिमान असेल आणि मैत्रिणींना तो दिसावा असं वाटत असेल. मग नाव-शाळा काहीही न लिहिता, त्या मैत्रिणींच्या आयांपुरता तो व्हिडिओ स्टेटसला ठेवा, एका दिवसात तो आपोआप जातो. आणि रात्री झोपताना 'आई, काढून टाक' म्हणाली, तर का ते न विचारता काढून टाका.